जोड शिकवायचा राहून जातो

संमिश्र पदार्थ शिकवताना आपण बहुधा पेंढा घातलेल्या मातीच्या विटेचे उदाहरण देतो. तंतू ताण सोसतो, भोवतालचा पदार्थ त्याला धरून ठेवतो; झाले संमिश्र! उदाहरण सोपे आहे, पण आमच्या मते ते अपुरे आहे. ‘धरून ठेवतो’ म्हणजे नेमके काय, हा मुख्य प्रश्नच त्यात निसटतो.

काचतंतू आणि पॉलिएस्टर रेझीन यांचेच पाहा. तंतूची जाडी सुमारे १० ते २० मायक्रॉन. रेझीनमधून तंतूवर भार जातो तो दोघांच्या सीमेवरील पकडीतून. १९४० च्या दशकात अशा वस्तू बनू लागल्या, तेव्हा कोरड्या असताना त्या भक्कम असत. ओलाव्यात मात्र त्यांचे बळ बरेच घटे. काचेला पाण्याची ओढ असते, त्यामुळे सीमेवर शिरलेले पाणी रेझीनची पकड सोडवी. तंतूंवर सिलेन रेणूंचा पातळ थर दिल्यावर हा दोष आटोक्यात आला. या रेणूचे एक टोक काचेशी बांधले जाते, दुसरे रेझीनशी.

तरीही उत्तम घटक वापरून वस्तू कमकुवत निघू शकते. रेझीन फार दाट असेल किंवा लवकर घट्ट झाले, तर ते तंतूंच्या जुडग्यात नीट शिरत नाही आणि हवेचे बुडबुडे अडकतात. कार्बन तंतू व इपॉक्सीच्या थरांत पोकळ्यांचे प्रमाण १ टक्क्याने वाढले, की थर एकमेकांवरून सरकण्यास होणारा विरोध साधारण ७ टक्क्यांनी घटतो, असा ढोबळ नियम आहे. शिवाय तापवून घट्ट केलेली वस्तू निवताना इपॉक्सी काचेच्या सुमारे दहापट आकसते. म्हणजे वापरापूर्वीच सीमेवर ताण येतो!

म्हणून ‘गुणधर्म घटकांवर अवलंबून असतात’ हे वाक्य अर्धेच खरे आहे. ‘आणि ते कसे जोडले यावर’ हा उरलेला अर्धा भाग वर्गात यायला हवा.

त्यासाठी यंत्र नको. सुतळीचे दोन सारखे तुकडे घ्या. एक खाद्यतेलात बुडवून पुसा. दोन्हींची टोके बाटलीच्या झाकणांत, कालवलेल्या प्लॅस्टर ऑफ पॅरिसमध्ये रोवा. घट्ट झाल्यावर ओढून पाहा. सुतळी तीच, प्लॅस्टर तेच. मग फरक कशाचा? उत्तर विद्यार्थ्यांनाच शोधू द्या.