टोपलीभर मातीचा भाव

‘गीतारहस्या’चे हिंदी अनुवादक म्हणून माधवराव सप्रे मराठी वाचकांस परिचित आहेत. १९२६ साली रायपूर येथे दिवंगत झालेल्या या मराठीभाषी लेखकाची ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही कथा १९०१ मध्ये ‘छत्तीसगढ़ मित्र’ मासिकात आली. हिंदीतील पहिली कथा कोणती, या काहीशा निष्फळ वादातच तिचा उल्लेख होतो. तिच्यातील अर्थविचाराकडे मात्र समीक्षेने लक्ष दिलेले नाही.

जमीनदाराला वाड्याचे आवार वाढवावयाचे आहे. आड येते एका विधवेची झोपडी. पती व एकुलता पुत्र तेथेच निवर्तले, सूनही गेली, उरली पाच वर्षांची नात. विधवा हलत नाही, तेव्हा जमीनदार वकिलांची थैली भरून न्यायालयाकडून ताबा मिळवितो. पुढे नातीसाठी चूल घालावयास ती त्या जागेतील टोपलीभर माती मागते, आणि टोपली उचलण्यास त्यालाच हात लावावयास सांगते. ती त्याच्याने उचलत नाही. तो खजील होतो व झोपडी परत करतो.

मुक्त बाजाराच्या शास्त्राने भांडवल व श्रम यांची अनिर्बंध चलनशीलता गृहीत धरली होती. १८९२ साली डेक्कन कॉलेजातील व्याख्यानात न्यायमूर्ती रानडे यांनी अशा गृहीतांची यादीच मांडून ती हिंदुस्थानास लागू पडत नाहीत असे दाखविले. मात्र रानडे यांच्या लेखी ही अचलता समाजाची उणीव होती. सप्रे यांच्या कथेत तीच अचलता माणसाचा हक्क होऊन उभी राहते. माझ्या मते रानडे यांच्यापुढचे पाऊल येथे पडले आहे, आणि तेही अर्थशास्त्राचा एक शब्द न उच्चारता.

कारण बाजाराचे खरे गृहीत याहून खोल आहे: प्रत्येक वस्तूस भाव असतो, आणि भाव पुरेसा वाढला की मालक विकतोच. २०१३ चा भूसंपादन कायदा पूर्वीच्या १८९४ च्या कायद्याहून निःसंशय उदार आहे. खाजगी कंपनीसाठी जमीन घेताना बाधित कुटुंबांपैकी ऐंशी टक्क्यांची संमती तो मागतो, बाजारमूल्यावर दिलासा रक्कमही देतो. परंतु ते मूल्य ठरविण्याचा एक मुख्य आधार म्हणजे आसपासच्या खरेदीखतांची सरासरी. खरेदीखत ज्याने विकले त्याचेच असते! ज्याला विकावयाचेच नाही त्याचा भाव कोणत्याही दप्तरात नोंदलेला नसतो. विकणाऱ्यांचा भाव त्याच्यावर लादला जातो, आणि त्यालाच न्याय्य मोबदला म्हणतात.

कथेचा शेवट मात्र दुबळा आहे. जमीनदाराचे हृदयपरिवर्तन होते, पण ज्या निवाड्याने झोपडी गेली तो निवाडा तसाच राहतो. विधवेला घर मिळते ते मालकाच्या लज्जेमुळे. तिचा हक्क कोणीच मान्य केलेला नाही.