गल्लीचे साहित्य आणि साहित्यातली गल्ली

मराठी साहित्यात शहराच्या मध्यवस्तीचा शोध घेऊ लागले की वाट बहुधा मुंबईच्या चाळीपाशी किंवा पुण्याच्या वाड्यापाशी जाऊन थांबते. चाळ आणि वाडा यांवर आपल्याकडे विपुल लिहिले गेले. त्यातले काही फार चांगले आहे. पण यातल्या बऱ्याच लेखनाचा सूर निरोपाचा असतो. दिवस दाटीवाटीचे होते, पण माणुसकी होती. जागा नव्हती, पण जिव्हाळा होता, असा एक हिशेब मांडला जातो आणि शेवटी लेखक ब्लॉकमध्ये राहायला जातो. मी बेळगावात, भर बाजाराला लागून असलेल्या एका गल्लीत जन्मापासून राहतो. गल्ली सोडलेली नसल्याने तिची आठवण काढण्याची सोय मला नाही. म्हणून या लेखनाकडे मी जरा वेगळ्या अपेक्षेने पाहतो. मध्यवस्तीत राहणे ही गोष्ट नेमकी काय आहे, हे यातल्या कोणी सांगितले आहे का?

माझ्यापुरत्या मी तीन कसोट्या ठरवल्या आहेत. पहिली भिंतीची. मध्यवस्तीतल्या घराची भिंत दोघांची असते. पलीकडचा खोकला आपल्याला ऐकू येतो आणि आपले भांडण पलीकडे जाते. दुसरी वाटेची. इथे माणूस कोणाला भेटायचे ते निवडत नाही. ज्याच्या दारावरून जावे लागते तो भेटतोच. तिसरी भाषेची. भिंत सामाईक आणि वाट एकच असल्यावर शेजाऱ्याची भाषा शिकावी लागत नाही, ती अंगाला लागते. सीमाभागातल्या वाचकाला ही तिसरी कसोटी सर्वांत महत्त्वाची वाटावी.

'बटाट्याची चाळ' (१९५८) पहिल्या दोन कसोट्यांना पुरेपूर उतरते. पु. ल. देशपांडे यांनी चाळीतला माणूस एकटा असा कधी दाखवलाच नाही. त्याचा उपास असो, संगीत असो की प्रवास, तो साऱ्या बिऱ्हाडांचा होतो. विनोदाचे मर्म तेच आहे: खाजगी असे काही उरतच नाही. आडनावे निराळी, बोलण्याच्या लकबी निराळ्या, पण भांडणाची भाषा मात्र एकच, मराठी. त्यामुळे चाळ हे एक मोठे कुटुंब वाटते. शेवटच्या चिंतनात पुलंनी जो हळवा सूर लावला आहे, तो कुटुंब विस्कटल्याचा आहे. त्याची थोरवी मान्य करूनही म्हणावेसे वाटते, की गल्ली हे कुटुंब नसते. कुटुंबातली माणसे एकमेकांची असतात. गल्लीतली माणसे एकमेकांची नसूनही एकमेकांजवळ असतात, आणि त्यातच तिची अडचण आहे आणि तिचे मोलही.

भाऊ पाध्ये यांच्या 'वासूनाका'ने (१९६५) तो कौटुंबिक गोडवा उधळून लावला. तेव्हा अश्लीलतेचा ओरडा झाला. आज वाचताना जाणवते ती निराळीच गोष्ट. पोक्या आणि त्याचे दोस्त नाक्यावर उभे राहतात, कारण घरात उभे राहायला जागा नाही. नाका हा त्यांच्या घराचाच वाढवलेला भाग आहे. जागेच्या टंचाईने माणसाची भाषा कशी घडते, हे भाऊंइतके स्वच्छ फार थोड्यांनी दाखवले. मात्र त्यांची नजर नाक्यावरच्या पोरांची आहे. भिंतीपलीकडच्या बाईला, जिच्याविषयी ही पोरे बोलतात तिला, काय ऐकू येते, ते आपल्याला फारसे कळत नाही.

तिसऱ्या कसोटीला थेट भिडलेले पुस्तक मराठी लेखकाने लिहिले, पण इंग्रजीत. १९७४ साली 'सात सक्कं त्रेचाळीस' लिहिणाऱ्या किरण नगरकरांनी १९९५ मध्ये 'रावण अँड एडी' ही कादंबरी आणली. माझगावची चाळ, चौथ्या मजल्यावर मराठी हिंदू कुटुंबातला राम ऊर्फ रावण आणि पाचव्यावर गोव्याकडच्या ख्रिस्ती कुटुंबातला एडी. बाल्कनीतून पडणाऱ्या तान्ह्या रामला झेलताना एडीच्या बापाचा जीव जातो. एवढे मोठे नाते मानगुटीवर असताना ही दोन मुले सबंध कादंबरीत जवळजवळ समांतरच वाढतात. मजल्यामजल्याने धर्म, भाषा, जेवण, गाणे सारे बदलते. दोन्हीकडच्या मंडळींना एकमेकांची खडान्‌खडा माहिती असते, ओळख मात्र नसते. नळाच्या पाण्यावरून होणाऱ्या युद्धाचे त्यांनी केलेले वर्णन विनोदी आहे, पण हसता हसता लक्षात येते की या चाळीत माणसांना एकत्र आणणारी खरी गोष्ट टंचाईच आहे. जवळ राहिल्याने माणसे आपोआप जवळ येतात, हा आपला भाबडा समज नगरकरांनी निर्दयपणे खोडून काढला. तो खोडणे आवश्यकच होते.

पण चाळीला मजले असतात. गल्लीला नसतात. इथे मला आपल्या भागाच्या लेखकाकडे यावेसे वाटते.

प्रकाश नारायण संत (१९३७–२००३) यांच्या 'वनवास' (१९९४), 'शारदा संगीत' (१९९७), 'पंखा' (२००१) आणि 'झुंबर' (२००२) या चार पुस्तकांतला लंपन आता साऱ्या महाराष्ट्राचा झाला आहे. २०२४ मध्ये त्याच्यावर मालिका आल्यापासून नव्या पिढीलाही तो ठाऊक झाला. मात्र त्याचे कौतुक एकाच शब्दात होते: बालपण. निरागस, हळवे, हरवलेले बालपण. ही वाचनाची पद्धत मला अपुरी वाटते. लंपन आई-वडिलांपासून दूर, आजी-आजोबांकडे राहतो. म्हणजे रक्ताचे घर त्याच्यापुरते अर्धेच आहे. उरलेले अर्धे त्याला गावाने पुरवले: सुमीने, कणबर्गीच्या गंग्याने, गाण्याच्या वर्गाने, वाटेवरच्या दुकानांनी आणि वेड्याबागड्या माणसांनी. त्याला कोणाकडे 'पाहुणा' म्हणून जावे लागत नाही, तो फक्त रस्त्यावरून जातो आणि माणसे भेटत जातात. मला ही चार पुस्तके एका मुलाइतकीच एका वस्तीची वाटतात.

आणि त्याची भाषा पाहा. कानडीच्या हेलाची ही मराठी संतांनी गंमत म्हणून वापरलेली नाही. विनोदासाठी कानडी-मराठी बोलणारे पात्र आपल्या नाटक-सिनेमांत पुष्कळदा येते आणि प्रेक्षक त्याला हसतात. लंपनला कोणी हसत नाही, कारण तीच निवेदनाची भाषा आहे. तिच्यात तो घाबरतो, रडतो, विचार करतो. आपण बोलतो ते 'काय करूलालास?' पुण्याच्या पाहुण्याला अशुद्ध वाटते. पण या बाजूच्या कानडीत 'माडाकत्तार' म्हणतात, आणि त्यातल्या 'हत्तु'चा अर्थही लागणे, चिकटणे असाच आहे. करू लागला, करूलाला: शब्द मराठीचे, विचाराची चाल शेजारणीची. असे रूप कोणत्याही शाळेत शिकवले जात नाही. ते सामाईक भिंतीतून येते.

आमच्या भिंतीपलीकडच्या अक्का कानडी. माझ्या आईला त्या कानडीत हाक मारत आणि आई मराठीत ओ देई. दोघींचे बोलणे अर्धा-अर्धा तास असेच चाले, दोन भाषांत, कोणी कोणाची भाषा न सोडता. १९५६ च्या पुनर्रचनेनंतर या गावात भाषेवरून मोर्चे निघाले, लाठ्या पडल्या, फलकांना काळे फासले गेले. त्या दिवसांत या दोघी काही थोर ऐक्य साधत होत्या असे मी म्हणणार नाही. बाहेर तंग असले की त्यांचाही आवाज खाली येई. पण विहिरीचा रहाट एकच होता आणि पापड वाळवायची गच्चीही एकच होती, त्यामुळे अबोला परवडत नसे. नगरकरांची टंचाई आणि संतांचा जिव्हाळा या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत, हे मला या दोघींकडे पाहून कळले.

आता गल्ली बदलली आहे. रस्त्याकडच्या खोलीला दुकानाचे जे भाडे मिळते, ते मागच्या घरात राहण्याच्या सुखापेक्षा नेहमीच जास्त भरते. मग आधी पुढची खोली जाते, मग माळा गोदाम होतो, मग वारसांत वाटणी होते आणि जुने घर पाडून तिथे दुकानांची इमारत उभी राहते. मुले पुण्याला, बेंगळूरला. म्हातारी माणसे टिळकवाडीच्या पलीकडच्या फ्लॅटमध्ये. दिवसा गल्लीत पाय ठेवायला जागा नसते. रात्री शटर पडले की चार दिवे दिसतात. याला दोष देणे सोपे आहे, पण ज्याच्या दाराशी गाडी उभी करता येत नाही आणि दवाखान्यात न्यायचे तर आजोबांना खुर्चीवर बसवून कोपऱ्यापर्यंत उचलून न्यावे लागते, त्याला गल्लीचे गोडवे सांगण्यात अर्थ नाही.

आणि इथेच लंपनच्या कथांची मर्यादाही सांगितली पाहिजे. मुलाच्या नजरेला वस्तीचा गंध, आवाज, माणसे यांचा जेवढा प्रत्यय येतो, तेवढा तिच्या व्यवहाराचा येत नाही. भाडे, वारसा, मालक-भाडेकरूंची जुनी अढी, कोणाच्या दारात कोणी थांबायचे नाही याचे न लिहिलेले नियम, या गोष्टी प्रौढांच्या असतात. संतांनी लंपनशी इमान राखले, म्हणून त्या गोष्टी त्यांच्या परिघाबाहेर राहिल्या; हा दोष नव्हे, निवड आहे. पण त्यामुळे एक जागा रिकामी राहिली आहे. लंपन मोठा होऊन गल्लीतच राहिला असता, घरपट्टी भरत, भावांशी वाटणीचे बोलणे टाळत, शेजारच्या कानडी माणसाशी निवडणुकीच्या दिवसांत जपून बोलत, तर त्याने काय लिहिले असते? ही कादंबरी मराठीत माझ्या वाचनात नाही.

ती का लिहिली गेली नसावी, याचे एक कारण मला दिसते. सीमाभागावर लिहायचे म्हणजे प्रश्नावर लिहायचे, अशी आपली समजूत झाली आहे. प्रश्न खराच आहे आणि त्यासाठी माणसांनी आयुष्ये वेचली आहेत. पण प्रश्नाच्या भाषेत गल्ली मावत नाही. तिथे आपण आणि ते असे दोनच पक्ष असतात. गल्लीत अक्का असतात. आपली मराठी टिकावी असे आपल्याला मनापासून वाटते, मात्र जी मराठी टिकवायची आहे तिचे निम्मे वळण शेजारच्या कानडीने दिलेले आहे, ही गोष्ट आपण घरात मान्य करतो आणि व्यासपीठावर विसरतो. संत ती लिहून गेले. लहान मुलाच्या तोंडून आली म्हणून ती आपण कौतुकाने खपवून घेतली, एवढेच.

तेव्हा या दिवाळीत लंपन पुन्हा काढाल, तर बालपण बाजूला ठेवून वाचा. वाचताना भिंत कोणाची आहे, वाट कोणाच्या दारावरून जाते आणि कोण कोणत्या भाषेत बोलते, एवढेच पाहा. आणि गल्लीत अजून राहणारे जे थोडे आहेत, त्यांच्यापैकी कोणी लिहिते असेल, तर त्याने निरोपाचे लिहू नये. अजून दिवे आहेत. ज्या घरांत ते आहेत, तिथले लिहावे.