पुनरुक्ती आणि यमक : ‘रिफॅक्टरिंग’मधील दोषविचाराची चिकित्सा

मार्टिन फाउलर यांच्या ‘रिफॅक्टरिंग’ या ग्रंथाची पहिली आवृत्ती १९९९ साली प्रसिद्ध झाली. दुसरी, बऱ्याच अंशी नव्याने लिहिलेली, २०१८ साली. संगणकाच्या आज्ञावलीचे बाह्य वर्तन यत्किंचितही न बदलता तिची अंतर्गत रचना सुधारीत जाणे, हा ग्रंथाचा विषय. त्याची शास्त्रीय मांडणी विल्यम ऑपडाइक यांनी इलिनॉय विद्यापीठाला १९९२ साली सादर केलेल्या प्रबंधात आढळते. परंतु रोजच्या कामात गुंतलेल्या आज्ञावलीकारापर्यंत ही विद्या पोहोचविण्याचे श्रेय प्रामुख्याने फाउलर यांच्याकडेच जाते. ग्रंथाची ही थोरवी मान्य करूनच त्यातील दोषविचाराची चिकित्सा केली पाहिजे.

हा दोषविचार ग्रंथाच्या तिसऱ्या प्रकरणात आला आहे. केंट बेक यांच्या सहकार्याने लिहिलेल्या या प्रकरणात बिघडू लागलेल्या संहितेची, म्हणजे आज्ञावलीच्या लिखित मजकुराची, लक्षणे ‘दुर्गंध’ या नावाने नोंदविली आहेत. पहिल्या आवृत्तीत यादीच्या अग्रस्थानी द्विरुक्त संहिता आहे, आणि तिच्याविषयीचा निर्णय निःसंदिग्ध आहे : एकच रचना एकाहून अधिक ठिकाणी आढळली, तर ती एकत्र आणल्याने आज्ञावली सुधारेल अशी खात्री बाळगावी. हे मत पुढे सूत्राप्रमाणे पाठ केले गेले. समान ओळी हुडकून त्यांची टक्केवारी सांगणारी साधने प्रचारात आली आणि ती टक्केवारी कमी करणे म्हणजेच संहिता सुधारणे, अशी समजूत बळावली. पुण्यामुंबईतील कितीतरी आज्ञावलीकारांचे आयुष्य दूरदेशी इतरांनी लिहिलेल्या संहितेची निगा राखण्यात जाते. त्यांच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. कोणते सारखेपण मोडावे आणि कोणते राहू द्यावे, याचा निर्णय त्यांना दररोज करावा लागतो. आणि नेमक्या याच निर्णयात हे सूत्र तोकडे पडते. याचा पुरावा ग्रंथातच आहे.

पहिल्या आवृत्तीचा आरंभ एका लहानशा उदाहरणाने होतो. चित्रपटांच्या फिती भाड्याने देणारे एक दुकान आहे. ग्राहकाने कोणता चित्रपट किती दिवस नेला, त्याचे भाडे किती झाले आणि त्याला किती गुण मिळाले, याचे बिल एकच लांबलचक फंक्शन छापते. आता हेच बिल एचटीएमएल स्वरूपातही हवे आहे. सोपा मार्ग म्हणजे त्या फंक्शनची नक्कल करून छपाईच्या ओळी तेवढ्या बदलणे. फाउलर या मार्गातील धोका अचूक दाखवितात : उद्या भाड्याचा नियम बदलला, तर तो दोन्ही ठिकाणी बदलावा लागेल, आणि एका ठिकाणी राहून गेला, तर दोन बिले दोन वेगळे आकडे सांगू लागतील. म्हणून ते भाड्याचा हिशेब छपाईपासून सोडवून घेतात, एकेका तुकड्याला नाव देतात आणि प्रत्येक पायरीनंतर चाचण्या चालवून वर्तन बदलले नसल्याची खात्री करून घेतात. या पायऱ्यांचे वर्णन इतके संयमित आहे, की तांत्रिक ग्रंथांत असे गद्य क्वचितच वाचावयास मिळते. या ओघात मूळची एक आवर्तने घेणारी रचना तीन ठिकाणी विभागली जाते व संहिता काही ओळींनी वाढते, हेही लेखक प्रांजळपणे सांगतात.

परंतु सगळी कापाकापी झाल्यावर शिल्लक काय राहते, तेही पाहिले पाहिजे. सामान्य चित्रपटाचे भाडे पहिल्या दोन दिवसांना दोन डॉलर, पुढे दररोज दीड डॉलर. बालचित्रपटाचे पहिल्या तीन दिवसांना दीड डॉलर आणि पुढे दररोज पुन्हा दीडच डॉलर. अखेरच्या रचनेत हे दोन नियम दोन स्वतंत्र क्लासांत शेजारीशेजारी उभे आहेत. दोहोंचा आकार तंतोतंत एक आहे : आरंभीची रक्कम, दिवसांची मर्यादा, मर्यादेपलीकडील दिवसांना दर. दराचा आकडासुद्धा तोच. तिसऱ्या प्रकरणातील सूत्र अक्षरशः लावले, तर ही द्विरुक्ती ठरते आणि ती एकत्र आणावयास हवी. फाउलर तसे करीत नाहीत. त्यांनी केले तेच योग्य आहे. उणीव आहे ती सूत्रात. बालचित्रपटांचा दर आणि सामान्य चित्रपटांचा दर आज सारखे आहेत हा योगायोग होय. ते दुकानदाराचे दोन स्वतंत्र निर्णय आहेत आणि उद्या त्यांपैकी एकच बदलण्याचा पूर्ण संभव आहे. उलट कागदी बिलातील भाडे आणि एचटीएमएल बिलातील भाडे हा एकच निर्णय. तो दोन ठिकाणी लिहिणे हा दोष. लेखकाच्या हाताला हा भेद कळतो, त्याच्या सूत्राला कळत नाही.

हा भेद संस्कृत साहित्यशास्त्राला अपरिचित नाही. ज्या शास्त्राने पुनरुक्तीला दोषांत घातले, त्याच शास्त्राने यमकाला अलंकार मानले. कानाला दोन्हीकडे तीच अक्षरे त्याच क्रमाने ऐकू येतात. पण पुनरुक्तीत अर्थही तोच फिरून येतो, यमकात अर्थ बदललेला असतो. मम्मटासारखा आचार्य याहूनही पुढे जाऊन, शब्द व अर्थ दोन्ही तेच असताना केवळ तात्पर्य भिन्न असेल तर तो लाटानुप्रास, दोष नव्हे, असा सूक्ष्म विवेक करतो. मोरोपंतांच्या आर्येतील यमक हे पुनरुक्ती समजून कोणी संपादक एक चरण गाळू लागला, तर त्याला काय म्हणावे हे सांगावयास नको. समान ओळी मोजून संहिता सुधारू पाहणारे साधन याच संपादकाच्या जातीचे आहे. त्याला अक्षरे दिसतात, अर्थ दिसत नाही.

याचा अर्थ पुनरुक्तीचे भय खोटे आहे असा मात्र नव्हे. २१ फेब्रुवारी २०१४ रोजी ॲपल कंपनीने आपल्या भ्रमणध्वनीच्या प्रणालीत एक तातडीची दुरुस्ती प्रसृत केली. सुरक्षित जोडणी करताना समोरच्या सर्व्हरची स्वाक्षरी तपासणाऱ्या फंक्शनमध्ये, काही चुकल्यास शेवटाकडे उडी घेण्याची आज्ञा लागोपाठ दोनदा लिहिली गेली होती. पहिली आज्ञा अटीखाली होती. दुसरी तिच्याच खाली, त्याच समासात, पण कोणत्याही अटीवाचून. परिणामी प्रत्यक्ष स्वाक्षरीची तपासणी कधी होतच नसे आणि चूक न झाल्याची नोंद घेऊन फंक्शन सुखरूप बाहेर पडे. जुन्या पोथ्यांच्या लेखनिकाने एखादी ओळ नजरचुकीने दोनदा उतरावी, तसाच हा प्रकार. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की त्या फाइलीत याच स्वरूपाच्या तपासण्यांची रांग अनेक ठिकाणी उतरून काढलेली होती आणि चूक त्यांपैकी एकीतच होती. ती रांग एकदाच लिहिली असती आणि तिची स्वतंत्र चाचणी घेतली असती, तर हा घोटाळा लपून राहणे अवघड होते. ही खरी पुनरुक्ती : अर्थ एक, प्रती अनेक, आणि प्रतींत पाठभेद.

याच प्रसंगी जटिलतेच्या मापनाची मर्यादाही उघड होते. टॉमस मॅकेब यांनी १९७६ साली सुचविलेले माप अजूनही सर्वत्र वापरले जाते. संहितेतील वाटा कोठे फुटतात ते मोजावे, त्यात एक मिळवावा. आणि एका फंक्शनमध्ये हा आकडा दहाच्या वर जाऊ लागला, तर त्याचे तुकडे पाडावेत, असा त्याचा स्थूल सारांश. हे माप निरुपयोगी नाही : किती चाचण्या लागतील याचा अंदाज त्यावरून येतो. पण दुसऱ्यांदा लिहिलेल्या त्या बिनशर्त आज्ञेने अटींची संख्या वाढत नाही. सारी तपासणी निकामी करणारी ओळ या मापाच्या दृष्टीने जणू अस्तित्वातच नाही. शिवाय तुकडे पाडल्याने प्रत्येक तुकड्याचा आकडा उतरतो. वाचकाच्या मनावरील भार उतरतोच असे नाही. तुकड्यांना दिलेली नावे अर्थवाही असतील तर तो उतरतो, नसतील तर दहा ठिकाणी हिंडून एकच वाक्य जुळवीत बसावे लागते.

उलट बाजूची चूक याहून महाग पडते, कारण ती काटकसरीच्या वेषात येते. ४ जून १९९६ रोजी फ्रेंच गियानातील कुरू येथून सुटलेले पहिले आरियान-५ अग्निबाण सुमारे ४० सेकंदांत नष्ट झाले. दिशा व वेग सांगणाऱ्या यंत्रणेची आज्ञावली आरियान-४ वरून जशीच्या तशी घेतलेली होती. तीतील एक हिशेब ६४ बिटांची अपूर्णांकी संख्या १६ बिटांच्या पूर्णांकात बसवीत असे. म्हणजे ३२७६७ च्या वर गेलेली संख्या त्यात मावणार नव्हती. आरियान-४ च्या मार्गात आडवा वेग तेवढा वाढत नसे, म्हणून तेथे संरक्षण घातलेले नव्हते. आरियान-५ चा मार्ग निराळा होता. जाक-लुई लिओंस यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी मंडळाने असेही दाखवून दिले, की हा हिशेब करणारा भाग आरियान-५ ला उड्डाणानंतर मुळीच आवश्यक नव्हता. राखीव यंत्रणा होती, पण तिच्यातही तीच आज्ञावली. तीही त्याच कारणाने बंद पडली. दोन अग्निबाणांना एकच मजकूर चालतो असे मानताना, त्या मजकुरात एका अग्निबाणाविषयीचे गृहीत लपलेले आहे याचा विसर पडला. यमकाला पुनरुक्ती समजण्याची ही किंमत.

मग कसोटी कोणती? ती फाउलर यांच्या ग्रंथाहून पुष्कळ जुनी आहे. डेव्हिड पार्नास यांनी १९७२ सालच्या आपल्या निबंधात एकाच लहान आज्ञावलीची दोन प्रकारे विभागणी करून दाखविली : एक कामाच्या क्रमाप्रमाणे, दुसरी बदलण्याजोग्या निर्णयांप्रमाणे. ज्याचा बदल संभवतो असा प्रत्येक निर्णय एकेका विभागात झाकून ठेवावा, हा त्यांचा निष्कर्ष. अँड्र्यू हंट व डेव्हिड टॉमस यांच्या १९९९ सालच्या ‘द प्रॅग्मॅटिक प्रोग्रॅमर’ या ग्रंथातील पुनरुक्तिनिषेधही मुळात ओळींविषयी नव्हता, ज्ञानाविषयी होता. वाचकांनी तो ओळींना लावला. म्हणून २०१९ च्या आवृत्तीत त्यांना खुलासा करावा लागला. वय तपासणारे आणि नग तपासणारे अशी दोन फंक्शने शब्दशः सारखी दाखवून, ही पुनरुक्ती नव्हे, असे ते तेथे स्पष्ट सांगतात.

फाउलर यांनी डॉन रॉबर्ट्स यांच्या नावे दिलेला तीनचा नियम या कसोटीच्या जवळ येतो, पण तिला स्पर्श करीत नाही. पहिल्यांदा लिहावे, दुसऱ्यांदा नाखुशीने पुन्हा लिहावे, तिसऱ्यांदा एकत्र आणावे, असा तो नियम. थांबण्याचा सल्ला शहाणपणाचा आहे, कारण थांबल्याने निर्णयांचे स्वरूप उघड होण्यास अवधी मिळतो. परंतु अखेर तीही मोजणीच. एकाच कराचा दर दोनदा लिहिला गेला, तर तिसऱ्या वेळेची वाट पाहणे हा अपराध आहे. आणि योगायोगाने सारखे दिसणारे पाच नियम पाचही वेळा वेगळे राहिले, तरी बिघडत नाही. ते एकत्र केले म्हणजे पहिला फरक उद्भवताच त्या सामाईक फंक्शनला एक जादा अट जोडावी लागते, दुसऱ्या फरकाला दुसरी. आणि पुनरुक्ती घटविल्याचे समाधान मिळत असतानाच जटिलता वाढत जाते.

दुसऱ्या आवृत्तीत फाउलर यांनी दुर्गंधांचा क्रम बदलला आहे. अग्रस्थान आता गूढ नावाला मिळाले असून द्विरुक्ती दुसऱ्या स्थानी उतरली आहे. हा बदल लहान असला तरी अर्थपूर्ण आहे. कारण ज्या सारखेपणाला यथार्थ नाव देता येत नाही, ते बहुधा एका निर्णयाचे नसते. उदाहरणही नवे आहे. फितींच्या दुकानाची जागा नाटक मंडळीने घेतली आहे आणि बिल प्रेक्षकांच्या संख्येवर ठरते. शोकांतिकेचे मूळ शुल्क चारशे डॉलर. तिसांवर प्रेक्षक गेले, तर वरच्या प्रत्येकामागे दहा डॉलर. सुखांतिकेचे मूळ शुल्क तीनशे. विसांवर गेले, तर शंभर अधिक वरच्या प्रत्येकामागे पाच, शिवाय एकूण प्रत्येक प्रेक्षकामागे तीन डॉलर. दोन्ही नियम येथेही अखेरपर्यंत वेगळेच ठेवलेले आहेत. मात्र या वेळी आकडे असे निवडले आहेत, की ते एकत्र करण्याचा मोह कोणालाही होऊ नये. दोनदा आलेला तो दीड डॉलर, ज्यातून वाचकाला सर्वाधिक शिकता आले असते, तो या आवृत्तीतून नाहीसा झाला आहे.