दुसऱ्याच्या जमिनीत : हैदराबादेतील दोन इमारती

उर्दू शायरीत एक जुना रिवाज आहे. एखाद्या उस्तादाचा मिसरा घेऊन त्याच वजनात, त्याच रदीफ-काफियात नवी गझल म्हणायची. याला त्या उस्तादाच्या 'जमिनी'त गझल म्हणणे असे म्हणतात. तरही मुशायऱ्यात तर सर्वांना एकच मिसरा दिलेला असतो. मात्र जाणकार श्रोता केवळ काफिया जुळला म्हणून दाद देत नाही. दुसऱ्याच्या जमिनीत या शायराने स्वतःचे काय पेरले, हे तो पाहतो. जुन्या शहरात नवी इमारत उभारणाऱ्या वास्तुशिल्पकाराची परीक्षाही याच कसोटीवर घ्यावी, असे मला वाटते. तेथे तर 'जमीन' हा शब्द अक्षरशः लागू पडतो.

उस्मानिया विद्यापीठाचे आर्ट्स कॉलेज या कसोटीला उतरते. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाने उर्दू हे उच्च शिक्षणाचे माध्यम केले, आणि १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ स्थापन होण्यापूर्वी आपल्या मराठवाड्यातील किती तरी मुले येथेच शिकली. इमारतीसाठी नवाब झैन यार जंग आणि सय्यद अली रझा यांना परदेशांतील विद्यापीठे पाहण्यास पाठविले गेले. आराखडा बेल्जियन वास्तुशिल्पकार अर्नेस्ट जास्पार यांचा. कैरोजवळच्या हेलिओपोलिस येथे काम केलेला हा माणूस दख्खनेत परका होता. तरी १९३९ मध्ये पूर्ण झालेली ही इमारत परकी वाटत नाही. मध्यभागी खोल, प्रचंड मेहराब. तिच्या जोडीला अजिंठा-वेरूळच्या लेण्यांची आठवण देणारे खांब. ही लेणी त्या वेळी निजाम राज्यातच होती, हे विसरू नये. दगड दख्खनचा ग्रॅनाइट. आणि एक गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही : बाहेरून पाहता या इमारतीवर भला मोठा घुमट नाही. मुस्लिम रियासतीची इमारत म्हणजे घुमट हवाच, हा सोपा काफिया जास्पार यांनी टाळला. मेहराबीच्या सावलीत उभे राहिले की परंपरा अंगाला जाणवते. ती पाटी लावून सांगावी लागत नाही.

आता तेलंगणाचे नवे सचिवालय पाहू. ३० एप्रिल २०२३ रोजी उद्घाटन झालेली, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव दिलेली, २६५ फूट उंचीची ही इमारत हुसेनसागरच्या काठी उभी आहे. वास्तुशिल्पकार चेन्नईचे ऑस्कर आणि पोन्नी. काचेच्या पेट्यांनी भरलेल्या हायटेक सिटीच्या तुलनेत येथे निदान शहराशी बोलण्याची इच्छा दिसते, हे मान्य केलेच पाहिजे. पण बोलणे कोणाशी? घुमटांची प्रेरणा म्हणून निजामाबादचे नीलकंठेश्वर मंदिर, वनपर्तीचा राजवाडा आणि गुजरातेतील सालंगपूरचे हनुमान मंदिर यांची नावे सांगितली जातात. दर्शनी भागाला लाल दगड आणला तो राजस्थानातील धोलपूरहून. दुरून घेण्यावर माझा आक्षेप नाही. जास्पारही कैरोहून आले होते. परंतु त्यांनी घेतलेले घटक एकमेकांत विरघळले. येथे घुमटावर घुमट येतात आणि प्रत्येक जण वेगळाच मिसरा म्हणतो.

याहून गंभीर गोष्ट दुसरीच. याच आवारात सहाव्या निजामांच्या काळातील, १८८८ चा सैफाबाद पॅलेस होता. जुलै २०२० मध्ये जुन्या सचिवालयाबरोबर तोही पाडला गेला. पाडकामात आवारातील दोन मशिदी आणि एक मंदिरही गेले. सरकारने खेद व्यक्त केला आणि ती पुन्हा बांधून दिली. मशिदी ऑगस्ट २०२३ मध्ये खुल्या झाल्या. पॅलेस मात्र गेला तो गेलाच. वारसा शोधण्यासाठी सालंगपूरपर्यंत नजर गेली आणि पायाखालचा वारसा दिसला नाही! उस्तादाचा दिवान फाडून त्याच्याच जमिनीत गझल म्हणण्याचा हा प्रकार झाला.

हा वाद संपलेला नाही. १९०८ च्या मुसी नदीच्या महापुरानंतर शहराची जी फेररचना झाली, तिच्यातच नदीकाठी समोरासमोर उच्च न्यायालय आणि उस्मानिया दवाखाना या इमारती उभ्या राहिल्या. दोहोंशी व्हिन्सेंट एश यांचे नाव निगडित आहे. उच्च न्यायालयासाठी राजेंद्रनगरला नव्या संकुलाची पायाभरणी मार्च २०२४ मध्ये झाली. दवाखान्याची जुनी इमारत जुलै २०२० मध्ये पावसाचे पाणी शिरल्यावर रिकामी करण्यात आली, आणि ३१ जानेवारी २०२५ रोजी गोशामहल येथे नव्या दवाखान्याची कोनशिला बसली. रुग्णांना नवी, सुसज्ज इमारत हवीच. गळक्या छताखाली वारशाचे गोडवे गाणे हा क्रूरपणा ठरेल. पण गोशामहलच्या आराखड्यावर बोलताना जुन्या इमारतीचे काय करणार, हा प्रश्न त्याच बैठकीत, त्याच कागदावर यायला हवा. तो नंतरसाठी ठेवला की काय होते, ते सैफाबादला दिसले आहे.