गंगाराम तांबट : शाळेचा कीं स्वयंशिक्षित ?

उत्तर पेशवाईंतील चित्रकार गंगाराम चिंतामण तांबट नवगिरे ह्याचें नांव निघालें कीं, शनिवारवाड्यांतील चित्रशाळेनें त्यास घडविलें, असें बहुधा लिहिलें जातें. इंग्रजांचा वकील सर चार्ल्स मॅलेट ह्याच्या खटपटीनें सवाई माधवरावांच्या वाड्यांत ती शाळा निघाली व स्कॉच चित्रकार जेम्स वेल्स तेथें शिकवीत असे, हें खरें. परंतु 'घडविलें' हें क्रियापद आम्हांस मान्य नाहीं.

हरकत कालाची आहे. वेल्स मुंबईस उतरला तो १७९१ त. पेशव्यांच्या शिकारखान्यांतील गेंड्याचें गंगारामानें काढलेलें चित्र अमेरिकेंत येल विद्यापीठाच्या संग्रहीं आहे. त्याचा काल नोव्हेंबर १७९० असा नोंदलेला आहे. म्हणजे गुरु येण्यापूर्वींच शिष्याचा हात बसलेला होता. त्यांतही विषय गेंड्याचा. देवतांच्या मूर्तींस प्रमाणें ठरलेलीं. विष्णुधर्मोत्तराच्या चित्रसूत्रांत तीं सविस्तर आहेत. पुण्याच्या कारागिरास गेंड्याचा कित्ता कोठून मिळणार ? तो पाहूनच काढावा लागतो.

मग त्यास स्वयंशिक्षित म्हणावें काय ? हा शब्द अलीकडे फार सैल वापरला जातो. आडनांव प्रमाण मानिलें तर घराणें तांबटाचें. तांबटाचा मुलगा बापाशेजारीं बसून भांडें मठारावयास शिकतो, तेव्हां ठोक्याचा अंदाज आणि गोलाईची पारख त्यास आपोआप येत नाहीं. काव्याचें कारण सांगतांना मम्मटानें शक्ति, निपुणता व जाणत्यांच्या शिकवणीनें केलेला अभ्यास असे तिन्ही सांगितले, परंतु 'हेतु' हें पद एकवचनींच ठेविलें. ह्या एकवचनावर आम्ही वर्गांत अनेक तास घालविले आहेत. विद्यार्थी कंटाळत, तरी मुद्दा चित्रासही लागू आहे.

शाळेपासून त्यास लाभ झालाच नाहीं असें नव्हे. वेरूळच्या लेण्यांचें काम निराळें. तेथें खांब, दालनें व त्यांची खोली मापांत उतरवावी लागे, आणि त्या कामीं गंगाराम वेल्सचा साहाय्यक होता. परंतु ह्या लाभाची किंमतही पाहावी. १७९५ च्या ऑक्टोबरांत पेशवे वारले, पुढच्याच महिन्यांत वेल्स वारला. १८०३ त टॉमस डॅनियलनें वेरूळचीं चोवीस दृश्यें प्रसिद्ध केलीं. मुखपृष्ठावर वेल्सचें नांव आहे, डॅनियलचें आहे, गंगारामाचें नाहीं. गेंड्यावर मात्र त्याचा हक्क निर्वेध राहिला.

शिवरें, नसरापूर, भोर ह्या टापूंतील संग्राहकांस एक विनंती आहे. जुन्या दप्तरांत सुटीं चित्रें सांपडल्यास त्यांचे समास कापूं नयेत व पाठीमागें कागद चिकटवूं नये. वरील सारा वाद एका सालाच्या नोंदीनें सुटतो. शिवऱ्यास एका संग्रहांत पेशवेकालीन म्हणून दाखविलेल्या चित्राची खालची पट्टी चौकटींत बसविण्यासाठीं कातरलेली आम्हीं पाहिली. मालकांच्या स्मरणाप्रमाणें तिच्यावर मोडींत दोन ओळी होत्या. त्या कोणीं उतरून घेतल्या नव्हत्या.