पारंपरिक कट्यारींचा कालनिर्णय व द्रव्यपरीक्षा : एक चिकित्सक विचार

प्रस्तावना :
मराठवाड्यातील जुन्या वाड्यांत व खासगी संग्रहांत कट्यार, बिचवा, जंबिया ही शस्त्रे आजही आढळतात. दसऱ्याला त्यांची पूजा होते आणि ‘शिवकालीन’ हे विशेषण त्यांना सहज चिकटते. या विशेषणामागे पुरावा किती व श्रद्धा किती, याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

विवेचन :
शस्त्र ही एकाच वेळी घडलेली वस्तू असतेच असे नाही. तंजावरच्या मराठा राजघराण्याच्या शस्त्रागारातील कट्यारी एकोणिसाव्या शतकात विखुरल्या. त्यांपैकी अनेकींची मूठ दक्षिणी कारागिराची, तर पाते युरोपीय तलवारीचे कापून बसविलेले आहे. अशा कट्यारीचे एकच वय सांगणे अशास्त्रीय ठरते. पाते, मूठ व म्यान यांचा काळ स्वतंत्रपणे ठरविला पाहिजे.

द्रव्याबाबतही हेच म्हणता येईल. पात्यावरील लहरींस, म्हणजे जौहरास, प्राचीनत्वाची खूण मानले जाते. मुशीत वितळवलेल्या उच्च कार्बनयुक्त पोलादाची ही खूण खरी. केजसह बीड जिल्हा १९४८ पर्यंत ज्या निजाम राज्यात होता, त्याच राज्यातील कोनासमुद्रम येथे असे पोलाद तयार होत असे व इराणी व्यापारी ते खरेदी करीत. परंतु भिन्न पोलादाचे थर एकत्र ठोकून व आम्लाने उठवूनही लहरी निर्माण करता येतात. गंज तर क्षारांच्या साहाय्याने अल्पावधीत चढवता येतो; म्हणून तो वयाचा पुरावा नव्हे. मुठीच्या बाबतीत, हस्तिदंताच्या आडव्या छेदावर परस्परांना छेदणाऱ्या सूक्ष्म रेषा दिसतात, तर हाडावर बारीक काळसर छिद्रे दिसतात.

द्रव्य व काळ निश्चित झाले तरी शस्त्र कोणाचे, हा प्रश्न उरतोच. २०२४ च्या जुलैमध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाकडून उसनी आणलेली वाघनखे साताऱ्यात प्रदर्शित झाली. अफजलखान वधाशी त्यांचा संबंध जोडणारा लेख स्कॉटलंडमध्ये नंतर बनविलेल्या पेटीवर आहे. १६५९ ची ही घटना आणि जेम्स ग्रँट डफ यांचे १८१८ मध्ये सुरू झालेले साताऱ्यातील वास्तव्य यांत सुमारे १६० वर्षांचे अंतर आहे. म्हणूनच ‘हीच ती’ असे निश्चित सांगता येत नाही, ही त्या संग्रहालयाची भूमिका अभ्यासकाला अनुकरणीय वाटावी. त्यामुळे महाराजांच्या पराक्रमास उणेपणा येत नाही. तो पराक्रम एका वस्तूवर अवलंबून नाही.

निष्कर्ष :
१९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांपूर्वीची अशी वस्तू पुरावशेष ठरते व तिच्या खासगी निर्यातीस बंदी आहे. त्यामुळे कालनिर्णय हा केवळ हौसेचा विषय राहत नाही. चुकीने ‘शिवकालीन’ ठरविलेली नवी कट्यार इतिहास बिघडवते. चुकीने ‘नवी’ ठरविलेली जुनी कट्यार देशाबाहेर जाते. घराण्याची आठवण नोंदवावी, परंतु ती आठवण म्हणूनच नोंदवावी. पात्याची साक्ष त्यापासून वेगळी ठेवावी.