बाप्तिस्म्याच्या आधीची पानं

मराठी ख्रिस्ती समाजात ‘साक्ष’ नावाचा एक वाङ्मयप्रकार आहे. तो छापला कमी आणि बोलला जास्त जातो. रविवारच्या उपासनेत किंवा तरुणांच्या शिबिरात कुणीतरी उभं राहतं आणि आपण आधी कसे होतो, मग काय घडलं, आता कसे आहोत, हे सांगतं. या तीन भागांपैकी मधल्या भागावर सगळ्यांचं लक्ष असतं. पहिला भाग त्याची तयारी म्हणून येतो आणि तिसरा पुरावा म्हणून.

बाबा पदमनजी यांचं ‘अरुणोदय’ हे आत्मचरित्र या प्रकारातलं मराठीतलं सर्वांत महत्त्वाचं छापील पुस्तक. मराठीतल्या आरंभीच्या आत्मचरित्रांत त्याची गणना होते, आणि एकोणिसाव्या शतकाचे अभ्यासक परमहंस मंडळीच्या माहितीसाठी त्याच्याकडे वळतात. मी ते वेगळ्या कारणासाठी वाचत आलो. पुण्यात कॉलेज आणि विद्यापीठातल्या मुलामुलींमध्ये मी दहाएक वर्षं ख्रिस्ती सेवेचं काम केलं. बायबल अभ्यास, वसतिगृहातल्या भेटी, परीक्षेच्या आदल्या रात्रीचे फोन, असं ते काम. ‘अरुणोदय’चा लेखकही एकेकाळी अशाच कामाच्या पलीकडच्या बाजूला बसलेला विद्यार्थी होता. मला या पुस्तकात तोच विद्यार्थी शोधायचा असतो. तो सापडतो, पण पुस्तक ज्याला आपला कळस मानतं तिथे नाही. त्याच्या बऱ्याच आधी.

विद्यार्थी नावाचा पुरावा

पदमनजींचा जन्म बेळगावचा, १८३१ सालचा. पुढे ते मुंबईला फ्री चर्चच्या शाळेत शिकले आणि १८५४ साली बेळगावात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या शाळेमागे दोन गाजलेली प्रकरणं होती. ती लक्षात घेतल्याशिवाय ‘अरुणोदय’मधला ताण कळत नाही.

१८३९ साली डॉ. जॉन विल्सन यांच्या मुंबईतल्या शाळेतले धनजीभाई नौरोजी आणि होरमसजी पेस्तनजी हे दोन पारशी तरुण ख्रिस्ती झाले. प्रकरण कोर्टात गेलं आणि बहुसंख्य पालकांनी आपली मुलं शाळेतून काढून घेतली. १८४३ साली नारायण शेषाद्री या ब्राह्मण विद्यार्थ्याने बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे राहत होता. तो अज्ञान ठरला आणि कोर्टाने त्याला वडिलांच्या हवाली केलं. त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत परत घ्यावं म्हणून बाळशास्त्री जांभेकर उभे राहिले आणि सनातन्यांचा रोष त्यांनी ओढवून घेतला.

या दोन्ही प्रकरणांवर त्या काळी पुष्कळ लिहिलं गेलं. मिशनऱ्यांना ही मुलं आपल्या कामाचं फळ वाटली, विरोधकांना शिक्षणाच्या नावाखाली चाललेल्या फसवणुकीचा दाखला वाटली. दोन्ही बाजूंना मुलगा हवा होता तो पुरावा म्हणून. श्रीपतला स्वतःला काय वाटत होतं, हा प्रश्न वयाच्या मुद्द्यात बुडून गेला.

या पार्श्वभूमीवर ‘अरुणोदय’ वाचलं की त्याचं मोल कळतं. इथे तो पुरावाच बोलू लागतो. मिशनच्या शाळेत बाकावर बसलेल्या मराठी मुलाच्या डोक्यात काय चाललं होतं, हे त्याच्याच भाषेत आपल्यापर्यंत येतं. घरातली देवपूजा, व्रतं आणि सणवार यांत रमलेलं बालपण, मग शाळा, पुस्तकं, वाद, शंका. पदमनजी हे बारकाईने सांगतात. ज्या धर्माला पुढे सोडायचं आहे त्याच्या वर्णनात त्यांचा हात आखडत नाही. लेखक म्हणून त्यांचा प्रामाणिकपणा मला इथे सर्वांत जास्त दिसतो.

अडचण पुढे येते. सगळा तपशील एका दिशेला लावला जातो. शीर्षकातच ते आहे: अरुणोदय व्हायचा म्हणजे त्याआधी रात्र असायला हवी. मग बालपणीचा भक्तिभावही अंधाराच्या खात्यात जमा होतो. वाचताना मात्र त्या पानांत अंधार जाणवत नाही. तिथला मुलगा जितका जिवंत आहे, तितका बाप्तिस्मा घेतलेला माणूस वाटत नाही. लेखकाची योजना एक सांगते आणि त्याची स्मरणशक्ती दुसरंच सांगते. मी स्मरणशक्तीच्या बाजूने आहे.

गुप्तता आणि भित्रेपणा

१८४९च्या सुमारास मुंबईत स्थापन झालेल्या परमहंस मंडळीत सर्व जातींचे तरुण गुप्तपणे जमत आणि एकत्र खाऊन जातिबंधन मोडत. पदमनजी तिच्यात होते. पुढे १८६०च्या आसपास सभासदांची नावं बाहेर फुटली आणि मंडळी विस्कटली. ज्याने उघडपणे सगळं पणाला लावलं, त्याला हा गुप्त सुधारणेचा मार्ग अपुरा वाटणं स्वाभाविक होतं. खरी श्रद्धा ती चारचौघांत कबूल केलेली, हा ‘अरुणोदय’चा कणा आहे.

माझं पदमनजींशी सर्वांत मोठं भांडण इथे आहे. विद्यार्थ्यांमध्ये काम करणाऱ्याला गुप्तता रोज भेटते. अभ्यासाला येणारी मुलगी फोनमधला गटाचा मेसेज घरी जाण्याआधी पुसून टाकते. एखादा मुलगा सांगतो, मला प्रार्थना करावीशी वाटते, पण नाव कुठे लिहू नका. त्यांना भित्रं म्हणणं सोपं आहे. शिबिरांच्या व्यासपीठावरून तसं म्हटलेलं मी ऐकलं आहे, आणि म्हणणाऱ्यांनी त्यासाठी पदमनजींसारख्यांचीच उदाहरणं दिली.

पण उघड कबुलीची किंमत सर्वांना सारखी नसते. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा आधी हिंदूंपुरता होता. त्यात १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध आले. ख्रिस्ती आजही बाहेर आहेत. म्हणजे दलित घरातल्या मुलाने कागदावर ख्रिस्ती लिहिलं की त्याचं जातीचं प्रमाणपत्र, शिष्यवृत्ती, वसतिगृहातली जागा, सगळंच धोक्यात येतं. आईबापांनी मजुरी करून शिकायला पाठवलेल्या मुलाला त्याची श्रद्धा किती खरी आहे हे कागदावर सिद्ध करायला सांगणाऱ्या माणसाने आधी त्या कागदाची किंमत विचारावी. पदमनजींनीही मोठी किंमत दिली, घर आणि जात गमावली. पण आपण मोजलेली किंमत हेच सर्वांसाठी श्रद्धेचं माप ठरवण्याचा अधिकार त्यातून मिळत नाही.

ज्यांच्याकडे सांगायला ‘आधी’ नाही

आणखी एक गोष्ट या साक्षीच्या साच्यात बसत नाही. विद्यार्थ्यांतलं ख्रिस्ती काम म्हटलं की बाहेरच्यांना धर्मांतर आठवतं. प्रत्यक्षात आमच्या चटईवर बसणारे बहुतेक जण जन्माने ख्रिस्ती होते. कुणी अहमदनगरकडचे, चार पिढ्यांचे. कुणी नंदुरबारच्या आदिवासी पाड्यांवरचे. कुणी केरळचे, कुणी मिझोरमचे. पहिल्यांदाच घर सोडून शहरात आलेले. त्यांच्याकडे सांगायला ‘आधी’ नव्हतं. त्यांना वेगळेच प्रश्न होते. जीवशास्त्राच्या वर्गात उत्क्रांती शिकायची आणि रविवारी उत्पत्तीचं पुस्तक ऐकायचं, यांची सांगड कशी घालायची? आजोबा मिशनच्या आवारात वाढले, तर आपण या मातीतले की त्या आवारातले? आणि खूप जणांचा न बोललेला प्रश्न: मला आता काहीच वाटत नाही, तर मी अजून ख्रिस्ती आहे का?

मराठी ख्रिस्ती साहित्यात या तिसऱ्या-चौथ्या पिढीसाठी जागा फार थोडी आहे. आपल्याकडची गाजलेली पुस्तकं पहिल्या पिढीची आहेत, उंबरठा ओलांडणाऱ्यांची. पलीकडे जन्मलेल्या मुलाने काय वाचावं? साच्यात बसण्यासाठी मग ही मुलं आपल्यापुरता एक अंधार शोधून काढतात. सिगारेट, सिनेमा, एखादं प्रेमप्रकरण. साध्या सरळ वीस वर्षांच्या आयुष्यात पाप उभं करायला लावणारा साहित्यप्रकार तपासून पाहायलाच हवा.

मागे राहिलेल्यांची बाजू

‘अरुणोदय’ला मराठीतलं सर्वांत चांगलं उत्तर मला लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त दिसतं. लक्ष्मीबाईंनी ते उत्तर म्हणून लिहिलेलं नाही. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. ते तेव्हा विद्यार्थी नव्हते, संसारी माणूस होते. पण ‘स्मृतिचित्रे’ आपल्याला उभं करतं ते ज्याच्यावर निर्णय कोसळला त्या घरात. निर्णय घेणाऱ्याचा प्रकाश तिथे पोचायला वेळ लागतो. आधी पोचतात ते रडणं, नातेवाईक, पैशाची ओढाताण आणि सोवळ्याओवळ्याचे प्रश्न. लक्ष्मीबाई पुढे स्वतः ख्रिस्ती झाल्या, तरी पूर्वीच्या स्वतःला त्यांनी अंधारात ढकललं नाही. त्या तिला हसतात, पण मायेने. नवऱ्यालाही हसतात. साक्षीच्या साच्यात विनोदाला जागा नसते, कारण विनोदात माणूस एकाच वेळी दोन बाजूंनी खरा असू शकतो.

विद्यार्थ्यांत काम करणाऱ्या प्रत्येकाला मी ‘अरुणोदय’बरोबर ‘स्मृतिचित्रे’ वाचायला सांगत असे. प्रत्येक विद्यार्थ्यामागे एक घर असतं आणि आपल्या बैठकीत ते दिसत नाही, एवढं कळलं तरी खूप झालं.

हॉग यांचा विद्यार्थी

मग या कामाचं यश मोजायचं कशाने? मद्रास ख्रिश्चन कॉलेजात हा प्रश्न एकोणिसाव्या शतकातच आला होता. तिथले प्राचार्य विल्यम मिलर यांची धारणा होती की ख्रिस्ती कॉलेजचं काम बाप्तिस्मे मोजण्याचं नाही, समाजात ख्रिस्ती मूल्यं झिरपवण्याचं आहे. मिशनच्या गोटातून त्यांच्यावर टीका झाली. त्याच कॉलेजात पुढे आल्फ्रेड जॉर्ज हॉग तत्त्वज्ञान शिकवत. कर्मसिद्धान्ताकडे त्यांनी गंभीरपणे पाहिलं आणि १९०९ साली ‘कर्म अँड रिडेम्प्शन’ हे पुस्तक प्रसिद्ध केलं. त्यांच्या वर्गातल्या एका विद्यार्थ्याने १९०८ साली एम.ए.साठी वेदान्तातल्या नीतिविचारावर प्रबंध लिहिला. वेदान्तात नीतीला जागा नाही, या आरोपाला त्यात उत्तर होतं. हॉग यांनी त्या प्रबंधाचं कौतुक केलं. तो विद्यार्थी म्हणजे सर्वपल्ली राधाकृष्णन.

साक्षीच्या साच्यातून पाहिलं तर हे अपयश आहे. ख्रिस्ती कॉलेजात शिकून मुलगा वेदान्ताचा जगप्रसिद्ध भाष्यकार झाला. हॉगना खूश होण्याचं कारण काय? मला वाटतं, त्यांनी शिक्षक म्हणून एक गोष्ट ओळखली होती. समोरच्याला खरोखर विचार करायला लावायचा असेल, तर तो आपल्या विरुद्ध निष्कर्षाला पोचेल ही शक्यता मनापासून मान्य करावी लागते. नाहीतर तो विचार नव्हे, पाठांतर.

हे मान्य करणं ख्रिस्ती सेवकाला जड जातं, हेही सांगायला हवं. मी श्रद्धावान आहे. येशूबद्दल जे मला खरं वाटतं ते दुसऱ्यालाही वाटावं, ही इच्छा मी लपवत नाही. ती नसती तर या कामात पडलोच नसतो. पण ती इच्छा आणि विद्यार्थ्याचं स्वातंत्र्य यांच्यात ओढाताण झाली, तर आधी काय वाकायचं, हे ठरवावं लागतं. शिकवणारा वयाने मोठा असतो, त्याच्याकडे खोलीची किल्ली असते, कधी जेवणाचे पैसे असतात, कधी नोकरीसाठी शिफारसपत्र असतं. एवढं असताना विद्यार्थ्याला निर्धास्तपणे ‘नाही’ म्हणता येत नसेल, तर त्याच्या ‘हो’ला काय अर्थ उरतो?

‘अरुणोदय’ मला मोठं पुस्तक वाटतं ते याच कसोटीवर, लेखकाच्या योजनेला ओलांडून. बाप्तिस्म्याच्या आधीच्या त्या पानांत ‘नाही’ शक्य होतं. मुलगा वाचतो, भांडतो, मागे फिरतो, गुप्त मंडळीत जातो, पुन्हा विचार करतो. तिथे तो कुणाचंही फळ नाही आणि कुणाचा पुरावाही नाही. विद्यार्थ्यांमधलं काम ज्याला करायचं असेल, त्याने या पानांत मुक्काम करायला शिकावं. शेवटच्या प्रकरणाकडे पोचण्याची घाई पुस्तकाला असेल, आपल्याला असू नये.